दुखत होता स्नायू, बोट जात होते दाढेवर

"ही दाढ काढायची ठरली आहे. त्याआधी एकदा दाखवून घ्यावी म्हणून आले," असे म्हणत त्या खुर्चीत बसल्या आणि डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेवर त्यांनी बोट ठेवले. बोट जराही इकडेतिकडे झाले नाही. दुखऱ्या जागेची इतकी खात्री असलेला रुग्ण समोर असला की दंतवैद्याचे लक्ष आपोआप एक्सरेकडे जाते. तो त्यांनी सोबत आणलाच होता. मी दोन-तीनदा नीट पाहिला. दाढेत कीड नव्हती, मुळाशी काळी सावली नव्हती, भोवतालचे हाड शाबूत होते. गार केलेला कापसाचा बोळा टेकवला, तर निरोगी दाढ क्षणभर झिणझिणून शांत होते तशीच ती झाली. आरशाच्या दांड्याने हलके ठोकले. शेजारच्या दातापेक्षा वेगळे काही जाणवत नाही म्हणाल्या.

मग मी तोंडातला हात बाहेर काढून गालावर ठेवला. जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडे वर, चावताना जो स्नायू टरारून फुगतो त्यावर एका बोटाने सुमारे एक किलोचा दाब दिला आणि मनात पाच आकडे मोजायला लागले. तीनपर्यंत पोचते न पोचते तोच त्यांनी माझे मनगट धरले. "हाच! हाच दात!"

दाताला मी हातही लावलेला नव्हता.

हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले ते त्या क्षणामुळे, आणि त्यानंतर माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळेही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुखण्याचा प्रवास मात्र होता तसाच ठेवला आहे.

चौदा महिन्यांचा इतिहास

वय ४१. काम मुद्रितशोधनाचे, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास संगणकाच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचण्याचे. चौदा महिन्यांपूर्वी डाव्या खालच्या दाढांमध्ये बोथट ठणका सुरू झाला. सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिले जड, डावा कान भरल्यासारखा. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान तपासून स्वच्छ असल्याचे सांगितले. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. करंगळी कानात घालून तोंड उघडझाप केली तर त्याची हालचाल बोटाला लागते. त्यामुळे जबड्याच्या दुखण्याने कानाच्या डॉक्टरांकडे जाणारे पुष्कळ असतात.

नंतर एका दवाखान्यात पहिल्या दाढेचे रूट कॅनाल झाले. दोन आठवडे बरे वाटले, मग ठणका परत. आता तो एक दाढ मागे सरकला होता. दुसऱ्या ठिकाणी दोन गोष्टी सुचवल्या गेल्या: ही दाढ काढून टाकायची आणि बाकीचे दात थोडे थोडे घासून 'चावा जुळवून' घ्यायचा.

रूट कॅनालनंतर दोन आठवडे बरे का वाटले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्या दिवसांत काय काय झाले होते ते पाहा. भूल दिली गेली, आठवडाभर वेदनाशामक गोळ्या पोटात गेल्या, मऊ खाणे झाले, त्या बाजूने चावणे बंद होते आणि घरी विश्रांती मिळाली. दुखऱ्या स्नायूला याहून वेगळे काय हवे असते? दाढेला श्रेय मिळाले, आराम मात्र स्नायूला पडला होता.

दात आणि चावण्याचे स्नायू यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूतून, मेंदूच्या पाचव्या चेतातंतूतून, वर जातात आणि मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणच्या पेशींवर येऊन मिळतात. निरोप कुणाकडून आला याचा तिथे घोटाळा होऊ शकतो. गालाच्या चर्वण-स्नायूचे दुखणे दाढांमध्ये जाणवते. कानशिलाच्या पंख्यासारख्या स्नायूचे वरच्या दातांत आणि डोक्यात. रुग्ण खोटे बोलत नसतो, कल्पनाही करत नसतो. त्याच्या मेंदूला खरोखरच दात दुखताना दिसतो.

तपासणीत काय सापडले

तोंड न दुखता २९ मिलिमीटर उघडत होते, दुखणे सोसून ४१. साधारण ४० किंवा त्याहून अधिक उघडणे नेहमीचे धरतात; आपलीच तीन बोटे उभी करून दातांमध्ये बसवली की ढोबळ अंदाज येतो. म्हणजे सांधा अडकलेला नव्हता, दुखण्याने आखडलेला होता. उजव्या सांध्यात 'टक्' असा आवाज येत होता आणि त्याची त्यांना फार धास्ती होती. सांध्यातली चकती जरा पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना ती परत जागेवर येते आणि हा आवाज होतो. अनेकांच्या जबड्यात तो असतो आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही. दुखत नसेल, अडकत नसेल तर त्याला हात लावायचा नाही. एवढे ऐकूनच त्यांचा चेहरा बराच निवळला.

सुळ्यांची टोके झिजून सपाट झाली होती. गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी कड उमटली होती आणि जिभेच्या काठांवर दातांचे ठसे होते.

दुसरी शंका उरू नये म्हणून एक चाचणी केली. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूला भूल दिली. ओठ बधिर झाला, दाढ बधिर झाली, पण ठणका तसाच. "दात लाकडासारखा झालाय, तरी दुखतोय," हे त्यांचेच शब्द. मग गालाच्या स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत साध्या भुलेचे थोडे थेंब सोडले. चार-पाच मिनिटांत त्यांनी डोळे मिटले आणि खांदे खाली आणले. कित्येक महिन्यांनी तिथे शांतता होती. भूल उतरली की दुखणे परत येणार, हे मी आधीच सांगून ठेवले होते. ही चाचणी होती, उपचार नव्हता. तरी दाढ काढायची नाही हा निर्णय त्याच खुर्चीत झाला, आणि तो त्यांनी स्वतः घेतला.

जबडा दुखतो म्हणजे दर वेळी असेच असेल असे नाही, म्हणून काही प्रश्न विचारावेच लागतात. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावता चावता जबडा भरून येणे आणि कानशिलाची शीर हुळहुळी होणे, हे एकत्र आले तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घ्यायची. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असल्याने त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. श्रमाने येणारी आणि थांबले की जाणारी जबड्यातली कळ हृदयाची असू शकते. विजेच्या झटक्यासारखी सणक, चेहऱ्याला बधिरपणा, सूज, ताप, वजन घटणे, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. यांच्याकडे यातले काहीही नव्हते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणे सुरू होते किंवा वाढते. तशी गोळी चालू नव्हती. (चालू असलीच तर ती मनाने कधीही बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.) घोरणे नाही, झोपेत श्वास अडखळत नाही, हे त्यांच्या पतींनी सांगितले. तेही विचारणे गरजेचे असते. झोपेत श्वास थांबणाऱ्या काही रुग्णांत वरच्या दातांवर बसवलेल्या कडक साच्याने, म्हणजे स्प्लिंटने, श्वासाचा त्रास वाढलेला आढळला आहे.

माझी चूक

झिजलेले सुळे पाहिले आणि मी ठरवून टाकले की या बाई रात्री दात खातात.

आपल्या भाषेत झोपेत 'दात खातात' आणि जागेपणी 'दात आवळतात'. दोन वेगळ्या क्रिया, दोन वेगळे शब्द. वैद्यकाला हा फरक नेमका मांडायला बराच वेळ लागला. झोपेतले आणि जागेपणीचे दात घासणे-आवळणे वेगळे धरायला हवे, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये सहमतीने मांडले. २०१८ मध्ये त्यात आणखी एक भर पडली: एरवी निरोगी असलेल्या माणसात याला आजार म्हणू नये, ही स्नायूंची एक हालचाल आहे, ती कधी त्रास देते आणि कधी देत नाही. झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंद जागेपणाकडे झुकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा अशा तालात आवळतात. मन त्या वेळी हजरच नसते, त्यामुळे रात्री दात खाऊ नका असे सांगण्याला अर्थ नाही. पोटात जंत झाल्यामुळे माणूस दात खातो, या जुन्या समजालाही भक्कम आधार नाही.

मी वरच्या सगळ्या दातांवर बसणारा कडक ॲक्रिलिकचा स्प्लिंट बनवून दिला, घरी करायचे दोन-तीन उपाय सांगितले आणि तीन आठवड्यांनी बोलावले. त्या आल्या तेव्हा सकाळचे जडपण थोडे कमी होते. दाढेचा ठणका जागचा हलला नव्हता.

"दुखणे किती वाजता सर्वांत जास्त असते?" हा प्रश्न मी तेव्हा विचारला. पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "पाच-साडेपाचला. दुपारपासून चढत जातं."

रात्रीचे दुखणे सकाळी जास्त असते. दिवसाचे संध्याकाळी. इतकी साधी गोष्ट माझ्या नजरेतून निसटली, कारण माझे लक्ष झिजलेल्या सुळ्यांवर खिळले होते. झीज हा जुना हिशेब असतो. दात झिजले आहेत एवढे ती सांगते. आज झिजत आहेत की दहा वर्षांपूर्वी झिजले, रात्री की दिवसा, हे ती सांगत नाही.

सत्तर घंटा

"दिवसा तुम्ही दात आवळता का?" असे विचारले तर नाही म्हणाल्या, आणि त्या खरेच सांगत होत्या. म्हणून मोबाइलवर दिवसातून दहा वेळा, वेळ ठरलेली नाही अशा पद्धतीने, घंटा लावायला सांगितली. घंटा झाली की काहीही न बदलता, त्या क्षणी तोंडात काय चालले आहे तेवढे टिपायचे: जबडा सैल, दात नुसते टेकलेले, दात आवळलेले, दात घासत असलेले, की दात सुटे पण जबडा ताठ. शेजारी एका शब्दात काय काम चालले होते ते लिहायचे. आठवडाभर.

सत्तर घंटांपैकी त्रेसष्टांची नोंद झाली. त्यातल्या ३८ वेळा दात एकमेकांना लागलेले होते. जोरात आवळलेले फक्त पाच वेळा. बाकी तेहतीस वेळा 'नुसते टेकलेले'. कामाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, 'वाचन'. फोनवर बोलत असताना एकदाही नाही.

कागद पुढे ठेवून त्यांनी विचारले, "पण तोंड मिटलं की दात टेकायचेच ना?"

सगळे प्रकरण या एका प्रश्नात होते. असे मानणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. तोंड मिटते तेव्हा ओठ मिटतात, दात नव्हे. जबडा सैल असताना वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण दोन ते चार मिलिमीटरची फट असते. खाताना आणि गिळताना दात भेटतात, तेही क्षणभर. हे सगळे क्षण जोडले तर दिवसाकाठी वीस मिनिटांच्या आत-बाहेर भरतात. या बाईंच्या तोंडात दात काही तास टेकून राहत होते. जोर किती होता ते फारसे महत्त्वाचे नाही. पाण्याने भरलेला पेला हातात धरून हात लांब करून उभे राहा. पेला जड नसतो, पण काही मिनिटांत खांदा बोलायला लागतो. जपानमधल्या संशोधकांनी दात नुसते टेकवून ठेवण्याच्या या सवयीला स्वतंत्र नाव दिले आहे. मला ते योग्यच वाटते, कारण 'आवळणे' म्हटले की माणूस त्यात स्वतःला ओळखत नाही.

काय केले

पहिले काम जबड्याला मुक्कामाची जागा शिकवण्याचे. मी सांगते: ओठ मिटा आणि मनातल्या मनात 'न' म्हणा. 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते, वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, तिथे तिचे टोक हलकेच राहू द्या. दाढा आपोआप सुटतात. खालचा जबडा मुद्दाम खाली ओढून धरायचा नाही, नाहीतर एक ताण जाऊन दुसरा येतो. श्वास नाकाने.

हे दिवसभर आठवत राहणे कुणालाच जमत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यांच्याबाबत आम्ही ते कामालाच बांधले. पान उलटले की ओठ मिटून 'न', हलका उच्छ्वास, जबडा सैल, पुढचे पान. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी हिरवी टिकली चिकटवली. दहा दिवसांनी म्हणाल्या, "टिकली आता दिसतच नाही, सवयीची झाली." मग दर चार दिवसांनी तिची जागा बदलली. दात टेकलेले सापडले की स्वतःवर चिडायचे नाही, हेही ठरवले होते. चिडले की पहिल्यांदा आवळतात ते दातच. दात टेकलेले सापडणे हीच त्या वेळची कमाई, असे मी त्यांना सांगितले होते.

दुसरे, फिजिओथेरपी. मानेपासून सुरुवात झाली. पडदा खाली होता, डोके पुढे झुकलेले. तो डोळ्यांच्या पातळीला आणला. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे कोमट ओलसर शेक, त्यानंतर गालाचा स्नायू बोटांनी वरून खाली दाबत सैल करणे आणि जीभ टाळूला टेकलेली ठेवून जितके दुखणार नाही तितकेच तोंड उघडणे. काही आठवडे कडक, चिवट खाणे बंद, जांभईला हनुवटीखाली हाताचा आधार, च्युइंगम पूर्ण बंद. च्युइंगमने जबड्याला 'व्यायाम' होतो असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

तिसरे, गोळ्या. महिन्यातले अठरा-वीस दिवस त्या वेदनाशामक घेत होत्या. साधी वेदनाशामके महिन्याला पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलून त्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या. पहिले दोन आठवडे डोके जास्त दुखले. तसे होईल याची कल्पना आधी दिली नसती, तर त्यांनी सगळाच बेत सोडला असता असे वाटते.

संध्याकाळची कॉफी त्यांनी स्वतःहून सोडली. मद्य आणि तंबाखू यांचा प्रश्न नव्हता. असता तर तो मी पहिल्या रांगेत घेतला असता, कारण या तिन्हींचा झोपेतल्या दात खाण्याशी संबंध दिसलेला आहे.

स्प्लिंट रात्रीपुरता चालू ठेवला, पण त्याचे काम बदलून सांगितले. तो दुखण्याचे औषध नाही, दातांची ढाल आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. दुखण्याला तोंड देण्यासाठी विचार आणि वागणे यांवर काम करणारी थेरपी, देखरेखीखालचे जबड्याचे व मानेचे व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार, नीट समजावून सांगणे आणि घरी करायची काळजी यांना तिने ठळक पसंती दिली. वेदना कमी करण्यासाठी म्हणून स्प्लिंट वापरण्याच्या बाजूने ती झुकलेली नाही. माझ्या हातात पहिल्या दिवशी साचा होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्हा दंतवैद्यांना हाताने काहीतरी बनवून देण्याची ओढ असते.

नवव्या आठवड्यातला फोन

सहाव्या आठवड्यात तोंड न दुखता ३८ मिलिमीटर उघडत होते, दहापैकी सात असलेले दुखणे तीनवर आले होते. मग नवव्या आठवड्यात फोन आला. एका मोठ्या संदर्भग्रंथाची अखेरची मुद्रिते आली होती, रात्री उशिरापर्यंत त्या बसत होत्या, ठणका सहावर गेला होता. आवाज बसलेला. "काढून टाका हो ती दाढ. मला नको आता हे."

त्या क्षणी दाढ काढणे सोपे होते. रुग्ण सांगतो आहे, हत्यारे समोर आहेत, आणि काढल्यावर पुन्हा दोन आठवडे बरेही वाटले असते. या दुखण्याचा इतिहास अशाच सोप्या निर्णयांनी भरला आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने ११ रुग्णांवरून असे मांडले की मागचे दात गेले की जबडा जास्त मिटतो आणि सांध्यावर दाब येऊन कान-जबडा दुखतो. त्याची शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही, पण 'दोष चाव्यात आहे' हा विचार कित्येक दशके मुरला आणि त्यापायी निरोगी दात घासले गेले. १९८० च्या दशकात सांध्यातली चकती काढून त्या जागी टेफ्लॉन मिसळलेल्या पदार्थाचे रोपण बसवले जाई. ते झिजून, त्याचे कण हाडात शिरून हाडच झडू लागले आणि १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा देऊन ते परत घ्यायला लावले. ज्यांच्यावर ते झाले त्यांतल्या अनेकांचे दुखणे मूळ दुखण्यापेक्षा भयंकर झाले. म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकी दंतसंशोधन संघटनेने स्पष्ट म्हटले की, ठोस कारण असल्याशिवाय सुरुवातीचे उपचार सौम्य आणि मागे घेता येतील असेच असावेत. घासलेला दात परत वाढत नाही. काढलेला परत उगवत नाही.

यातले मी फोनवर काही बोलले नाही. उद्या सकाळी या, एवढेच म्हटले.

दाढ पुन्हा सगळ्या कसोट्यांवर तपासली, निरोगीच होती. ती तपासणी मी मन राखायला केली नाही. जबडा दुखणाऱ्या माणसाचा दात कधी खराबही होऊ शकतो, आणि 'तुमचे स्नायूंचेच आहे' असे गृहीत धरून तडकलेला दात सुटला तर तोही अन्यायच. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी इतक्या महिन्यांत कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या दवाखान्यात एकदा त्यांना "टेन्शन घेऊ नका" असे म्हटले गेले होते आणि तेव्हापासून हे दुखणे आपल्याच मनाचा खेळ आहे, ही बोचणी त्यांना लागली होती. त्या थोडे रडल्या.

ताण दात आवळायला लावतो हे खरे. पण आवळल्याने दुखावलेला स्नायू खरोखर दुखावलेला असतो, जसा ओझे वाहून पाठीचा दुखावतो. पहिल्या दिवशी मी बोट ठेवले आणि दाढ दुखली, ते बोट मनावर ठेवलेले नव्हते. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मला फार क्रूर वाटतो. त्यात उपाय नसतो, दुखण्याची जबाबदारी तेवढी रुग्णाच्या पदरात टाकलेली असते.

त्यांनी बोटॉक्सबद्दल वाचले होते, तेही विचारले. त्याने स्नायू दुबळा पडतो, काही महिन्यांनी परिणाम ओसरतो, आवळण्याची सवय जागीच राहते, आणि वारंवार दिल्यास जबड्याच्या हाडावर परिणाम होतो का याबद्दल तज्ज्ञांना काळजी आहे. वर सांगितलेली मार्गदर्शिका ते न वापरण्याकडेच झुकते. हे सांगून निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी नाही म्हटले.

नवीन काही केले नाही. घंटा पुन्हा लावल्या. दर पंचवीस मिनिटांनी उठून पाणी प्यायचे, रात्री दहानंतर मुद्रिते मिटायची, आणि ते मान्य व्हावे म्हणून संपादकांकडून चार दिवस जास्त मागून घ्यायचे. हे शेवटचे त्यांना सर्वांत जड गेले. चार दिवस मिळाले. अकराव्या दिवशी दुखणे पुन्हा तीनवर होते.

आठव्या महिन्यात

दाढ तोंडात आहे. तोंड ४४ मिलिमीटर उघडते. उजवीकडचा 'टक्' अजून वाजतो. वेदनाशामक महिन्यातून एक-दोनदा. कामाचा जोर असला की ठणका डोकावतो, पण आता त्यांना तो ओळखीचा आहे. दोन दिवस घंटा लावतात आणि शेक घेतात.

स्प्लिंट त्या तपासायला घेऊन आल्या होत्या. खिडकीपाशी तिरपा धरला तर त्यावर चकचकीत नवे ओरखडे होते, सुळ्यांच्या जागी खोल. म्हणजे रात्री त्या अजूनही दात खातात, बहुधा पूर्वीइतकेच. पाहून त्या चपापल्या. मी त्यांना ओरखडे आणि सुळे शेजारी शेजारी दाखवले: झीज साच्याला झाली आहे, दातांना नाही.

रूट कॅनाल केलेल्या पहिल्या दाढेवर कॅप बसवायचे राहून गेले होते, ते त्या दिवशी केले. कॅप उंच बसली आहे का हे पाहायला निळा कागद दाढांमध्ये ठेवला आणि म्हटले, "चावा." दात भेटले, कागदावर ठिपके उमटले. "आता सोडा," हे सांगायला मी तोंड उघडले, तोवर त्यांची हनुवटी खाली आली होती आणि कागद माझ्या चिमट्यात मोकळा लटकत होता.